बीड व्हाया बोलिव्हिया

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन असतं, आणि दरवर्षी फर्स्ट इयरला आलेल्या पुण्या-मुंबईच्या किंवा विदर्भातल्या मित्रांचा प्रश्न ठरलेला असतो. ‘अरे, महिन्यापूर्वीच तर झालं ना झेंडावंदन! आता हे कशाचं?’ मग आपण मराठवाड्याची मुलं मोठ्या अभिमानाने सांगतो की बाबांनो, तुम्ही १९४७ला स्वतंत्र झालात, आम्ही १९४८ला. निजाम होता, रझाकार होते, सरदार पटेलांनी पोलीस ॲक्शन केली, झालो मुक्त. व्हायव्हामधे एवढ्या उत्तरावर पास व्हायला हरकत नाही. पण एक्स्टर्नलने पुढचा प्रश्न टाकला, की १७ सप्टेंबर १९४८ला संध्याकाळी सामान्य माणसाच्या आयुष्यात नेमकं काय बदललं, तर बहुतेक जण खिडकीबाहेर बघायला लागतील.

हा लेख त्या पुढच्या प्रश्नासाठी आहे. त्यासाठी मी जरा लांबचा रस्ता धरतोय, थेट दक्षिण अमेरिकेतून. कारण साधं आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या हिस्ट्रीच्या पुस्तकात सिमोन बोलिव्हारचं घोड्यावर बसलेलं चित्र होतं, पण मराठवाडा हा शब्द नव्हता. तेव्हा जे शिकवलं गेलं त्याच्या आधाराने जे शिकवलं गेलं नाही ते समजून घ्यावं, एवढाच हेतू.

बोलिव्हारच्या नावावरून ज्याचं नाव पडलं तो देश म्हणजे बोलिव्हिया. १५३२ साली पिझारो नावाच्या स्पॅनिश सरदाराने पेरूमधे इंका राजा अताहुआल्पाला पकडलं आणि पुढच्या काही वर्षांत तो सगळा डोंगराळ मुलूख स्पेनच्या ताब्यात गेला. १५४५ साली पोटोसी इथे चांदीचा डोंगरच सापडला. मग ‘मिता’ नावाची पद्धत बसवली गेली. ठरावीक प्रांतांतल्या आदिवासी गावांनी दरवर्षी आपल्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा खाणीत कामाला पाठवायचा, सक्तीने. दरवर्षी तेरा हजारांच्या वर माणसं या खाणींत उतरवली जात. चांदी स्पेनला गेली आणि माणसं तिथेच संपली.

९ डिसेंबर १८२४ला आयाकुचोच्या लढाईत स्पेनचा निकाल लागला आणि १८२५ला बोलिव्हिया स्वतंत्र झाला. आपल्या इथे तेव्हा पेशवाई बुडून जेमतेम सात वर्षं झाली होती. म्हणजे आपल्यापेक्षा सव्वाशे वर्षं आधी ते मोकळे झाले! पण स्पेनचा गव्हर्नर गेला तरी जमीनदार राहिला. मोठमोठ्या जमिनींवर राबणारे आदिवासी तसेच राबत राहिले, मालकाच्या घरची फुकट चाकरी करत राहिले. मत द्यायला लिहिता-वाचता यायला हवं अशी अट होती, आणि शाळा तर त्यांच्यासाठी नव्हत्याच. ही अट कधी गेली? १९५२ साली. स्वातंत्र्यानंतर १२७ वर्षांनी.

हे १९५२ साल लक्षात ठेवा. आता आपल्याकडे येऊ.

बीडचा इतिहास यादवांपासून सांगता येतो, पण आपल्या प्रश्नासाठी सुरुवात १७२४ची. त्या वर्षी बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल्-मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनचा सुभा मोगलांपासून जवळजवळ स्वतंत्र केला. पुढे मराठे आणि निजाम यांच्यात कायम ओढाताण चालू राहिली. आपल्याच गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ला थोरल्या माधवरावांनी निजामाला हरवलं. १७९५च्या मार्चमधे जामखेडजवळ खर्ड्याला पुन्हा हरवलं. लढाया मराठ्यांनी जिंकल्या, पण शेवटी मुलूख निजामाकडेच राहिला. कारण १७९८ला निजामाने इंग्रजांची तैनाती फौज घेतली आणि १८१८ला पेशवाईच गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. निजाम म्हणजे स्पेन नव्हे. तो इथला पैसा बोटीत भरून दुसऱ्या देशात पाठवत नव्हता. त्याचं घराणं सव्वादोनशे वर्षं इथेच राहिलं. त्याचे दिवाण काही वेळा हिंदू होते, महाराजा किशनप्रसादांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. गावोगावचे देशमुख, देशपांडे, पाटील, म्हणजे ज्यांच्या हातून सारा वसूल व्हायचा ते, बहुतेक मराठी हिंदूच होते. त्यामुळे हा ‘परक्या धर्माच्या राजा’चा इतिहास आहे असं जे सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही. उलट निजाम स्वतःच इंग्रजांचा मांडलिक होता. फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ला त्याला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. म्हणजे आपल्या डोक्यावर दोन मजले होते : वर रेसिडेन्सी, तिच्याखाली निजाम, आणि त्याच्याखाली आपण.

मग बोलिव्हियाशी साम्य कुठे? जमिनीत आणि हक्कात.

हैदराबाद संस्थानातली सुमारे चाळीस टक्के जमीन सरकारी खालसा नव्हतीच. काही निजामाची खाजगी, तिला ‘सर्फ-ए-खास’ म्हणत. म्हणजे त्या मुलखाचं उत्पन्न सरळ राजाच्या खिशात. बाकीची जहागीरदार, पायगा, इनामदार यांच्याकडे. जहागिरीत वसूल जहागीरदाराचा, बऱ्याच ठिकाणी पोलीस आणि कोर्टसुद्धा त्याचंच. वेठबिगार होती. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याचा फोटो १९३७च्या फेब्रुवारीत ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून छापून आला होता. आणि त्याच्या राज्यात लिहिता-वाचता येणारे शंभरात दहासुद्धा नव्हते.

संस्थान तसं सगळ्या बाबतीत वेगळं होतं. स्वतःचं पोस्ट, स्वतःची रेल्वे, स्वतःचं नाणं. त्याला ‘हाली सिक्का’ म्हणत. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार, असा हिशेब होता. कॅलेंडरही फसली. हद्दीवर करोडगिरी नाके होते, म्हणजे कस्टम्स. नगरहून बीडला माल आणायचा तर जकात भरा. कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणत. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात यातले शब्द अजून येतात, आणि जन्मसाल विचारलं तर ‘पोलीस ॲक्शनच्या आधीचा’ असं उत्तर मिळतं.

हक्कांचं म्हणाल तर १९२९ साली एक हुकूम निघाला, ‘गश्ती निशान ५३’. गश्ती म्हणजे सर्क्युलर. सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय जाहीर सभा घ्यायची नाही, असा त्याचा सारांश. आपल्याला गॅदरिंगच्या परवानगीसाठी ऑफिसच्या चकरा माराव्या लागतात त्याचाच आपल्याला इतका राग येतो. इथे सभा, वाचनालय, खाजगी शाळा, आखाडा, कशालाही सरकारकडे तोंड वेंगाडावं लागायचं.

भाषेचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. राज्यात तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, मराठी पाव हिश्शाच्या आसपास, मग कानडी आणि उर्दू. पण कोर्ट-कचेरी उर्दूत. १९१८ला हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. आता या विद्यापीठाचं कौतुकही केलं पाहिजे. हिंदुस्थानी भाषेतून सगळं उच्च शिक्षण देणारं हे पहिलं आधुनिक विद्यापीठ. मेडिकल आणि इंजिनीअरिंगची पुस्तकंसुद्धा त्यांनी उर्दूत आणली! आपण आजही मराठीतून इंजिनीअरिंग म्हटलं की हसतो. पण बीडच्या शेतकऱ्याच्या मुलाला इंग्रजी काय आणि उर्दू काय, दोन्ही सारखंच अवघड. आपल्या भाषेत शिकायचं तर आपली शाळा आपणच काढायला हवी होती.

आणि नेमकी तिथूनच गोष्ट सुरू होते. लढा पुढे बंदुकीपर्यंत गेला, पण सुरुवात शाळेतून झाली. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परगा या गावी १९२१ला राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण शिक्षक म्हणून आला. त्याने १९३२ला संन्यास घेतला आणि तो स्वामी रामानंद तीर्थ झाला. १९३५ला स्वामीजी आणि बाबासाहेब परांजपे आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला आले. निजामाच्या कागदोपत्री तेव्हा अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद. तिथल्या योगेश्वरी विद्यालयात स्वामीजी मुख्याध्यापक होते. पुढे आख्ख्या संस्थानाच्या लढ्याचं नेतृत्व करणारा माणूस त्या आधी आपल्या बीड जिल्ह्यात मुलांच्या वह्या तपासत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला स्वामीजींचं नाव आहे, तिथले किती जण ही शाळेची गोष्ट जाणतात कोण जाणे.

१९३७ला परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. आ. कृ. वाघमारे पुण्याहून ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढून संस्थानात पाठवत. एका नावावर बंदी आली की दुसऱ्या नावाने काढायचं, असा उद्योग चालू होता. १९३८ला स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आतच तिच्यावर बंदी आली. (जन्माला यायच्या आधी बंदी! केटी लागायच्या आधीच ईयर डाऊन, असंच म्हणा.) बंदी मोडून सत्याग्रह झाला, स्वामीजी तुरुंगात गेले.

त्याच वर्षीची एक गोष्ट खास होस्टेलवाल्यांसाठी. उस्मानिया विद्यापीठाच्या होस्टेलमधली हिंदू मुलं प्रार्थनेच्या खोलीत ‘वंदे मातरम्’ म्हणायची. नोव्हेंबर १९३८मधे अधिकाऱ्यांनी ते बंद करायला सांगितलं. मुलांनी ऐकलं नाही. औरंगाबादच्या कॉलेजातही तेच झालं, तिथल्या मुलांमागे गोविंदभाई श्रॉफ उभे राहिले. शेकडो मुलांना कॉलेजातून आणि होस्टेलमधून काढलं. विचार करा, सेमिस्टर चालू आहे, खोली गेली, मेस गेली, डिग्री गेली, आणि राज्यातलं दुसरं कुठलंही कॉलेज घेणार नाही. तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना आपल्याकडे प्रवेश दिला. काढून टाकलेल्या मुलांत एक जण होता पी. व्ही. नरसिंह राव. १९९१ला तो देशाचा पंतप्रधान झाला. संस्थानातली पुढची सगळी लढणारी फळी बऱ्याच अंशी या कॉलेजबाहेर काढलेल्या मुलांतून उभी राहिली.

१९४७चा भाग बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जूनमधे निजामाने जाहीर केलं की इंग्रज गेल्यावर मी स्वतंत्र. १५ ऑगस्टला हैदराबादेत तिरंगा फडकवला म्हणून स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरमधे भारत सरकारबरोबर ‘जैसे थे’ करार झाला. इकडे लातूरला वकिली करणारा कासिम रझवी रझाकार संघटनेचा पुढारी झाला आणि गावं लुटणं, जाळणं, खून यांचा कहर झाला. आपल्या भागातली माणसं हद्द ओलांडून नगर, सोलापूरकडे पळाली. हद्दीपलीकडे स्टेट काँग्रेसची शिबिरं होती, तिथून तरुण करोडगिरी नाक्यांवर आणि चौक्यांवर हल्ले करायचे. ३० जानेवारी १९४८ला नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला.

एक नाव मात्र थांबून घेतलं पाहिजे. शोएबुल्ला खान. हैदराबादेत ‘इमरोज’ नावाचं उर्दू दैनिक चालवणारा तरुण संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावं असं त्याने छापलं. ऑगस्ट १९४८मधे रझाकारांनी त्याला रस्त्यात गाठून ठार केलं. १७ सप्टेंबरच्या भाषणांत हे नाव क्वचित ऐकू येतं.

१३ सप्टेंबरला भारतीय फौज शिरली, सोलापूरकडची मुख्य तुकडी नळदुर्गमार्गे. निजामाने आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रसंघात नेलं होतं, १६ तारखेला पॅरिसमधे सुरक्षा परिषदेत ते निघालं. योगायोग बघा, त्या वर्षी परिषदेवर अर्जेंटिना आणि कोलंबिया असे दोन दक्षिण अमेरिकी देश बसले होते, आणि हा विषय घ्यावा असं मत दोघांनी दिलं. विषय घेतला गेला, पण दुसऱ्या दिवशी निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. त्याच दिवशी स्वामीजी तुरुंगातून सुटले. पाच दिवसांत २२४ वर्षांचं राज्य संपलं.

आता एक्स्टर्नलचा प्रश्न. त्या संध्याकाळी काय बदललं?

पहिली गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून आधी तीच. फौज आल्यानंतर अनेक गावांत रझाकारांचा सूड सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता त्यांच्यावरही. तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या तेव्हा भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८मधे संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर सगळ्या संस्थानात मिळून २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असा त्यांचा अंदाज. सगळ्यात वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड जिल्ह्यांची. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक, या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, याच्याही नोंदी त्यात आहेत. सरकारने हा अहवाल तेव्हा छापला नाही. २०१३मधे तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात अभ्यासकांना बघायला मिळू लागला.

मला माहीत आहे, हे वाचून काहींना राग येईल. रझाकारांनी काय केलं ते आधी सांगा म्हणतील. वर सांगितलंच आहे, आणि ते खरंच आहे. पण आपल्याच मेसमधे शेजारी बसून जेवणाऱ्या एखाद्या मित्राच्या पणजोबांचं नाव या पाच हजारांत असू शकतं. आपण १७ सप्टेंबरला टाळ्या वाजवतो तेव्हा तो काय विचार करत असेल?

दुसरी गोष्ट. निजाम गेला, पण लोकांचं राज्य लगेच आलं नाही. जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले, ते १९४९ संपेपर्यंत. मग दिल्लीने नेमलेले सनदी अधिकारी एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री. आणि निजाम? तो २६ जानेवारी १९५०पासून राजप्रमुख, म्हणजे जवळजवळ राज्यपाल. वर्षाला पन्नास लाख तनखा! ज्याच्या विरुद्ध लढलो त्याचंच नाव आठ वर्षांनंतरपर्यंत, म्हणजे १९५६पर्यंत, राज्याच्या प्रमुखपदी होतं.

मग मुक्ती कुठे झाली? माझ्या मते दोन कागदांवर. एक म्हणजे ऑगस्ट १९४९चा जहागीर निर्मूलनाचा कायदा. त्याआधी सर्फ-ए-खासही सरकारजमा झालं होतं. १९५०ला कूळ कायदा आला आणि संरक्षित कूळ हा शब्द आपल्या शेतात शिरला. कागद चांगले होते, अंमलबजावणी अर्धवट झाली. हुशार मालकांनी जमिनी नातेवाइकांच्या नावावर केल्या, आणि ज्याच्याकडे मुळात तुकडाही नव्हता त्याला कूळ कायद्याने काय मिळणार? तरी जहागीरदाराचं कोर्ट आणि पोलीस गेले, ही काही लहान गोष्ट नव्हती.

दुसरा कागद म्हणजे मतपत्रिका, १९५२ची. आता बोलिव्हिया आठवा. तिथे १९५२ला खाणकामगारांनी क्रांती केली, तेव्हा कुठे निरक्षर आदिवासींना मत मिळालं. १९५१ला तिथे सव्वा लाखाच्या आसपास मतं पडली होती, १९५६ला नऊ लाखांच्या पुढे गेली. जमीन सुधारणेचा हुकूम १९५३चा. म्हणजे आपल्या जहागीर कायद्यानंतर चार वर्षांनी. १८२५ला स्वतंत्र झालेला देश आणि १९४८ला सुटलेला बीड जिल्हा, दोघांच्याही निरक्षरांच्या मताचं साल १९५२च! त्यांना १२७ वर्षं लागली, आपल्याला साडेतीनसुद्धा नाही. शेजारच्या पेरूने तर निरक्षरांना मत द्यायला १९७९ची राज्यघटना यावी लागली.

हे आपल्याला इतकं लवकर कसं मिळालं? कारण घटना समितीने एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत दिलं, शिक्षण विचारलं नाही, जमीन विचारली नाही. ज्या राज्यात दहांतल्या नऊ माणसांना वाचता येत नव्हतं तिथे हा निर्णय म्हणजे मोठंच धाडस होतं. १९५२ला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह. वाचता न येणाऱ्याने चिन्ह बघून चिठ्ठी टाकायची. इतकं साधं डिझाइन, पण काम चोख.

आणि त्या माणसांनी काय केलं? बीडने पहिल्याच लोकसभेत काँग्रेसला नाकारलं. निवडून आले रामचंद्र गोविंद परांजपे, म्हणजे तेच अंबाजोगाईचे बाबासाहेब परांजपे, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे. संस्थानात कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्यामुळे डाव्यांनी ही आघाडी उभी केली होती. नलगोंड्यातून याच आघाडीच्या रावी नारायण रेड्डींना पंडित नेहरूंपेक्षाही जास्त मतं पडली. विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ आणि या आघाडीला ४२. बी. रामकृष्णराव पहिले निवडून आलेले मुख्यमंत्री झाले. म्हणजे ज्यांना काल सभा घ्यायची परवानगी नव्हती त्यांनी पहिल्याच पेपरात सत्ताधारी आणि विरोधी दोन्ही बाकं भरून दाखवली. बीडची ही सवय पुढेही राहिली. १९६७ला पत्री सरकारवाले क्रांतिसिंह नाना पाटील, मूळचे साताऱ्याकडचे, कम्युनिस्ट पक्षाकडून बीडचे खासदार झाले. १९७७ला मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे, १९८०ला काँग्रेसच्या केशरबाई क्षीरसागर. उगाच एकाच माणसाला डोक्यावर धरायचं नाही, असा आपला जिल्हा होता.

बोलिव्हियाचं पुढे काय झालं? १९६४ला लष्कराने सत्ता घेतली. एकामागून एक जनरल आले आणि लोकांनी निवडलेलं सरकार तिथे टिकून बसलं ते १९८२ला. मत मिळवणं एक आणि ते टिकवणं वेगळं. आपल्याकडेही १९७५ ते ७७ आणीबाणी होती, पण ती मतदानानेच संपली.

१ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तीन भाग झाले. तेलुगू जिल्हे आंध्रला, कानडी जिल्हे म्हैसूरला, आणि आपले पाच मराठी जिल्हे, औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद, मुंबई राज्यात. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. तो जुना नकाशा पुसला गेला. पण तो अजून जिवंत बघायचा असेल तर कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला या. बीड-सोलापूर रस्त्यावर मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या दरीत, धबधब्याशेजारी मन्मथ स्वामींची समाधी आहे. वीरशैव लिंगायत भाविकांचं हे मोठं क्षेत्र. यात्रेला दिंड्या येतात त्या लातूर-नांदेडहून तर येतातच, पण कर्नाटक आणि तेलंगणातूनही येतात. एकाच पंगतीत मराठी, कानडी, तेलुगू बोलणं ऐकू येतं. १९५६पर्यंत ही सगळी माणसं एकाच राज्याची प्रजा होती, कपिलधारला यायला त्यांना एकही करोडगिरी नाका लागत नव्हता. उलट नगरहून येणाऱ्याला लागत होता! सरकारने राज्यं वेगळी केली, पण यात्रेच्या वाटा त्याच राहिल्या.

१९६०नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि सत्ता तालुक्यापर्यंत पोचली, पण वाड्यातल्याच घराण्यांकडे बऱ्याच अंशी राहिली. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. त्यावर गावोगावच्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या. निजामाविरुद्ध एकत्र लढलेला मराठवाडा तो हाच! नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मिता सक्तीची होती, ऊसतोड सक्तीची नाही, हे मान्य. पण उचल घेऊन दसऱ्यानंतर कोयता उचलणारी लाखो माणसं आपल्याच जिल्ह्यातून जातात, आणि आपल्यातल्या काही जणांचे आईवडील त्यांत आहेत. निजामाच्या रेल्वेने मनमाड-औरंगाबाद-नांदेड लाइन १९००च्या सुमारास टाकली तेव्हा बीड शहर वगळलं गेलं. लोकशाही आल्यावरही ते लवकर जोडलं गेलं नाही. अहिल्यानगरहून बीडला पहिली प्रवासी गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ला, मुद्दाम तो दिवस धरून.

आणि त्याच महिन्यात, २ सप्टेंबर २०२५ला, राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन मराठवाड्यातल्या मराठा समाजाला कुणबी दाखल्यांबाबत शासन निर्णय काढला. त्याआधी दोन वर्षं तहसील कचेऱ्यांत निजामकाळातल्या नोंदी शोधायचं काम चालू होतं. दप्तरं मोडीत, उर्दूत. ती वाचू शकणाऱ्या माणसांना अचानक भाव आला. आपल्या होस्टेलमधे तर त्या दिवसांत अभ्यासापेक्षा पणजोबांची खासरा पत्रकं आणि शाळेचे निर्गम उतारे यांचीच चर्चा जास्त होती, आणि ओबीसी मित्र एका खोलीत, मराठा मित्र दुसऱ्या खोलीत, असंही थोडे दिवस झालं. निर्णयाच्या बाजूने मोर्चे निघाले, विरोधातही निघाले, आणि प्रकरण हायकोर्टात गेलं.